सिंदखेडराजा, भर झडीत

शुक्रवार

झडी लागली की आमच्याकडचा शेतकरी दोनच कामं करतो: ओट्यावर बसून आभाळाकडं पाहतो आणि घरच्यांवर चिडतो. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. इथली काळी माती एवढी खोल अन् चिकट, की पाऊस उघडल्यावरही चारपाच दिवस वावरात पाय घालता येत नाही. कपाशी पिवळी पडायला लागली होती, निंदण अडलं होतं, फवारणीचं तर नावच काढायला नको. बाबांनी सकाळपासून तीनदा छत्री घेऊन धुऱ्यापर्यंत चक्कर मारली आणि तिन्ही वेळा चपला हातात धरून परत आले.

संध्याकाळी चहा पिता पिता तेच म्हणाले, "बाईकडे जाऊन येऊ. घरी बसून डोकं फिरून राहिलं."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. तिचं गाव दुसरबीडजवळ. तिथून सिंदखेडराजा हाकेच्या अंतरावर आणि माझी पोरगी यंदा चौथीत, म्हणजे वर्षभर इतिहासात शिवाजी महाराजच. तिनं लगेच हट्ट धरला, जिजाऊंचा राजवाडा पाहायचाच. बायकोचं म्हणणं पडलं की पावसाळ्यात पडके वाडे पाहायला कोण जातं, अन् ओले कपडे वाळवायचे कुठं? पण आईनं पिशवीत लुगडं घातलेलं दिसलं तेव्हा तिनंही पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. चुलतभावाची इको होती, तो गाडी हाकायला एका पायावर तयार. रात्री दशम्या, लसणाची चटणी, तिखट पुऱ्या असं सगळं बांधून झालं. पाऊस चालूच होता.

शनिवार

खिरोड्याच्या पुलावर पूर्णा लालसर, गढूळ, पात्र भरून. बाबांनी गाडी थांबवायला लावली, खिडकीतून पाण्याचा अंदाज घेतला आणि "हं, चला" म्हणाले. शेगावला कळसाला गाडीतूनच हात जोडले, कारण आत शिरलो असतो तर दुपार तिथंच झाली असती. आईला मात्र कळसाआधी पालखी आठवली. श्रींची, म्हणजे गजानन महाराजांची, पालखी पंढरपूरहून अजून परत यायची होती. खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा हजारो लोक पालखीसोबत पायी चालतात, आईही चालायची, गुडघे धड होते तोवर. "परत येताना सिंदखेडराजावरूनच येते पालखी," ती सुनेला सांगत होती. "आपण गाडीत बसून चाललो तीच वाट."

खामगाव सोडलं की जमीन हळूहळू वर चढायला लागते. जुन्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडाचे दोन भाग असतात, खालचा पायनघाट आणि वरचा बालाघाट. उंद्री, अमडापूर करत आपण पायनघाटातून बालाघाटात कधी गेलो ते मातीवरून कळतं. काळ्या चिखलाच्या जागी मुरूम दिसायला लागतो, बांधाबांधावर दगडांच्या राशी, आणि ठिकठिकाणी विहिरी. पावसानं काठोकाठ आलेल्या विहिरी. बाबा त्या मोजत असावेत, कारण मध्येच ते नुसतंच "अजून एक" म्हणायचे.

चिखलीला गरम भजी आणि चहा घेतला. भज्यांसोबत तळलेली मिरची होती, ती लहान्यानं, पोरगीच्या धाकट्या भावानं, कोणाचं लक्ष नाही असं पाहून खाल्ली आणि पुढचे दहा किलोमीटर आमची करमणूक झाली. देऊळगाव मही, खडकपूर्णेचं पाणी, देऊळगावराजा, सगळं धुक्यासारख्या पावसातून मागं पडलं. देऊळगावराजाच्या बालाजीला परत कधीतरी, असं आईनं परस्पर देवालाच सांगून टाकलं.

सिंदखेडराजात शिरलो तेव्हा पावसाची भुरभुर झाली होती. राजवाडा शोधावा लागत नाही. जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर, गावाच्या वस्तीतच, ते प्रवेशद्वार उभं आहे आणि आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारा, उभी केलेली मालवाहू वाहनं यांच्यावर ते एवढं उंच उठलेलं आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याची मान आपोआप मागं जाते. पोरगी गाडीतून उतरली आणि छत्री न उघडताच कमानीखाली पळाली.

कमानीखाली कोरडं होतं. एक म्हातारे गृहस्थ खतांच्या पोत्याची खोळ अंगावर घेऊन पावसाला टेकले होते, त्यांच्या पायाशी एक बकरी, वर कोनाड्यात पारव्यांची दाटी. मी दगडाला हात लावून पाहिला. बाहेरचा दगड थंड, ओला, शेवाळलेला, आणि कमानीच्या आतला, जिथं थेंब पोचत नाही तिथला, चक्क कोमट. चुन्याच्या सांध्यातून एक पिंपळाचं रोप बोटभर बाहेर आलेलं. त्याची दोन पानं एवढी स्वच्छ धुतलेली की त्याच्यावर राग धरवेना, पण हेच रोप दहा वर्षांनी ही चिरेबंदी फोडणार आहे. म्हातारबाबांनी माझी नजर ओळखली. "उपटलं तरी येते पुन्हा," ते म्हणाले. मग विचारलं, "पावसात आले? बारा जानेवारीले या. पाय ठेवाले जागा नसते."

12 जानेवारी 1598, पौष पौर्णिमा. त्या दिवशी या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. वडील लखुजीराव जाधव निजामशाहीतले मातब्बर सरदार, देवगिरीच्या यादवांच्या वंशातले म्हणवणारे, आई म्हाळसाबाई. त्या तारखेला इथं जो सागर लोटतो तो आम्ही बातम्यांत पाहिलेला. आज मात्र आम्ही, एक बकरी आणि पारवे. मला हेच बरं वाटलं. जयंतीच्या गर्दीत माणूस वाडा पाहत नाही, गर्दी पाहतो.

आत गेल्यावर पोरगीचा चेहरा उतरला. तिनं मनात रंगवलेला राजवाडा म्हणजे खांब, झुंबरं, गालिचे, सिंहासन. इथं समोर मोकळं आवार, पडक्या भिंती, जोती आणि त्यावर वाढलेलं ओलं गवत. जन्मस्थानाच्या जागी बाल शिवबासह जिजाऊंचा पुतळा आहे. तिथं सगळ्यांनी चपला काढल्या, आईनं डोक्यावरचा पदर पुढं घेतला आणि पोरगीला पुढं करून नमस्कार करायला लावला. पावसात गार फरशीवर अनवाणी उभं राहून लहान्यानं विचारलं, "राजवाडा कुठंय?"

खरं तर प्रश्न बरोबर होता. लाकूड गेलं, छत गेलं, माणसं गेली. जे उरलं ते दगडाचं. पण त्याच वेळी बाबांना भलतंच काही दिसायला लागलं होतं. ते आवाराच्या एका कोपऱ्यात उकिडवे बसून पाणी कुठं जातं ते पाहत होते. पाऊस आता पुन्हा वाढला होता, वरून धो धो, आणि तरीही त्या आवारात कुठंही डबकं साचत नव्हतं. दगडी जमिनीला डोळ्याला दिसणार नाही असा उतार होता. पाणी एका बाजूनं निमूट सरकत होतं. "आपल्या ग्रामपंचायतीनं मागच्या साली गल्ली केली सिमेंटची," बाबा म्हणाले, "घराघरात पाणी शिरून राहिलं. अन् हे पाहा." मला राजवाड्याचा इतिहास सांगायचा होता, त्यांना राजवाड्याच्या गवंड्याला भेटायचं होतं.

तिथून पुढं सगळा दिवस त्यांच्याच तालावर गेला.

रंगमहाल मात्र बायकोनं मागून घेतला. रंगपंचमीच्या दिवशी लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उधळत होते, लखुजीराव सहज बोलून गेले की काय जोडा शोभतो, आणि मालोजीराजांनी तो शब्द धरून ठेवला, अशी जी कथा सांगतात ती याच रंगमहालाची. पोरगीला ती शाळेत ऐकून पाठ होती, तिनं ती आजीला साग्रसंगीत सांगितली. "बाप्पा, केवढीशी लेकरं," आई म्हणाली. बायको म्हणाली, "आता असं म्हटलं असतं तर दोघांच्या घरी पोलीस आले असते." दोघी हसल्या. अशा वेळी सासू-सून एका बाजूला असतात, हे आम्हा पुरुषांना बरं लक्षात असतं.

निळकंठेश्वराला गेलो तर श्रावण नुकताच लागलेला, बेलपानांचा ओला खच, आणि गाभाऱ्यात दोन-तीन बाया. देऊळ लखुजीरावांच्याही कितीतरी आधीचं. त्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथं आहे. मी अक्षरं लावायचा प्रयत्न करत होतो, लहाना माझ्या छत्रीचं पाणी शिलालेखावर सांडत होता.

मग लखुजीरावांची समाधी. इथं मात्र पोरगी गप्प झाली, कारण इथं मोठेपणा मनात रंगवावा लागत नाही. चौकोनी, प्रचंड, काळ्या दगडाची वास्तू, लांबून एखादा किल्लाच वाटावा अशी. समाधी म्हणजे तुळशीवृंदावनाएवढं काहीतरी, ही आमची समजूत तिथंच सुटली. 2024 च्या जूनमध्ये इथं जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली होती, लांबी जवळपास पावणेदोन मीटर, लक्ष्मी पाय चेपते आहे, खाली समुद्रमंथन कोरलेलं. त्या वेळी आमच्या गावातही मोबाईलवर तो फोटो फिरला होता. आईला तो आठवत होता. "शेषावर निजलेला," ती म्हणाली, "पाण्याचाच देव सापडला."

मी तिला सांगितलं, लखुजीराव देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या भर दरबारात मारले गेले. एकटे नाही, अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं आणि यशवंतराव हा नातू, सगळे एकाच दिवशी. 25 जुलै 1629.

"जुलै?" आई म्हणाली. "म्हणजे हाच महिना."

मग तिनं विचारलं, शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा. पोरगी फाडकन म्हणाली, "19 फेब्रुवारी 1630, शिवनेरी!" आईनं ओल्या बोटांवर मोजायला सुरुवात केली. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, अशी मागं येत येत जुलैवर अंगठा टेकला. थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"म्हणजे माय पोटुशी होती तवा," ती म्हणाली. "दोन-अडीच महिन्यांची. अन् बाप गेला, भाऊ गेले, भाच्चा गेला."

इतकी वर्षं मी ह्या दोन तारखा वेगवेगळ्या पानांवर वाचत आलो, त्या शेजारी ठेवून पाहायचं कधी सुचलं नाही. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईनं त्या बोटांवर शेजारी आणून ठेवल्या. बायकोनं तिचा हात धरला आणि दोघी पायऱ्या उतरल्या. पुढं बराच वेळ त्या दोघी आपसात हळू आवाजात बाळंतपणांविषयी बोलत होत्या, कोणाच्या कधी काय झालं होतं त्याविषयी, आणि आम्हाला त्यात जागा नव्हती.

दशम्या गाडीतच खाल्ल्या, काचा बंद करून. चटणीच्या वासानं गाडी भरली.

दुपारनंतर पाण्याचा फेरा. पुतळा बारवेच्या पायऱ्या पावसानं निसरड्या झाल्या होत्या, त्यामुळं आई वरच थांबली आणि पोरांना मी दंडाला धरून चार पायऱ्यांखाली जाऊ दिलं नाही. बारवेत कोरीव मूर्ती आहेत, त्यावरूनच नाव. एका मूर्तीच्या खांद्यावरून पाण्याची बारीक धार लागली होती, खाली पाण्यात तिचं वर्तुळ उमटत होतं आणि दुसरं येईपर्यंत पहिलं मिटत नव्हतं. चुलतभावानं फोटो काढले. बाबांनी विचारलं, "झरा कोणत्या अंगानं असंल?"

काळाकोट या किल्ल्याच्या भिंती वीस फूट उंच आणि तेवढ्याच रुंद आहेत. तो आम्ही गाडीतून पाहिला, कारण तोवर लहान्याचे मोजेसुद्धा पिळायची वेळ आली होती. साकरवाड्याचा चाळीस फुटी परकोटही तसाच, बाहेरूनच. दगडाची ताकद दाखवायला बांधलेलं जे काही असतं ते मला लवकर पुरे होतं. तटबंदी पाहून माणूस "वा" म्हणतो आणि पुढं जातो.

चांदणी तलावाच्या मध्यभागी मात्र तीन मजली दगडी इमारत उभी आहे. तलावात बांधलेली. पाऊस तलावावर पडत होता, इमारतीचा खालचा भाग पाण्यात, आणि वरच्या कमानींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. उन्हाळ्यात इथं बसून वारा खायची काय सोय असेल, असं बायको म्हणाली. चुलतभाऊ म्हणाला, मच्छर असतील. असतीलही.

आणि मोती तलाव. बाबा गाडीतून उतरले ते छत्री विसरूनच. त्या तलावाची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधली आहे. अंगावर येणाऱ्या फौजेला अडवायला लोक तट बांधतात, इथं तो पाण्याला अडवायला बांधला. आत पाणी दाबून धरलेलं, बाहेर दगडाची छाती. शेतीला पाणी मिळावं म्हणून हा तलाव झाला, आणि त्याच राज्यकर्त्यांनी गावाच्या पाण्यासाठी सजना बारवेची व्यवस्था केली. दुष्काळ पडला की गावातल्या विहिरींना भुयारी वाटेनं पाणी पोचावं, अशी ती योजना सांगतात. म्हणजे एका गावात दाखवण्यापुरती एक-दोन नाही, तर तलाव, बारवा, भुयारं अशी एकमेकांना धरून चालणारी पाण्याची मांडणी. राजवाड्याचं लाकूड राहिलं नाही, हे राहिलं.

पाळीखालून एक शेतकरी बैल घेऊन चालला होता. बाबांनी त्याला हटकलं. दोघांची ओळखपाळख दोन मिनिटांत झाली, पीक काय, भाव काय, युरिया मिळतो का, आणि मग बाबांनी मूळ मुद्दा काढला: तलाव भरला की खालच्या विहिरींचं काय होतं?

"काय होते म्हणजे? भरतात," तो माणूस म्हणाला. "पाझर लागते ना."

"गोड?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. पाणी गोडच असतं.

आमच्याकडं तसं नसतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, कितीही खोल गेलात तरी. विहीर खोदणाऱ्या माणसाला आमच्या गावात खुळ्यात काढतात. बोअर आहे, तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते पिकाला दिलं तर वावर पांढरं पडतं. प्यायला येतं ते वान धरणाच्या 140 गावांच्या योजनेचं. त्यामुळं ज्या मुलखात पावसाचं पाणी दगडात मुरून गोडच वर येतं तिथं राहणाऱ्यांचा बाबांना हेवा वाटतो, आणि तो ते लपवत नाहीत. त्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, ह्या तळ्यातला गाळ काढता का? बारवा उपसता का? तो हसला, म्हणाला, "आता नळ आले, बारवेकडं कोण पाहते." बाबा परत येऊन गाडीत बसले ते चिखलाच्या पायांनी, आणि पहिल्यांदाच बायकोनं त्यांना काही म्हटलं नाही.

गावाबाहेर निघताना समृद्धी महामार्ग दिसला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, सिंदखेडराजाला उतरायला वाट ठेवलेली. वरून गाड्या सूं सूं जात होत्या, पावसाचा फवारा उडवत. त्यातल्या किती जण इथं खाली उतरत असतील? वेळ वाचवायला एवढा रस्ता केला तर वाचलेल्या वेळातून एक तास इथं द्यायला हरकत नाही. जिजाऊंचं नाव घेणारे सगळे जरी एकेकदा उतरले तरी रस्ता तुंबेल.

आत्याचं घर येईपर्यंत अंधार पडला. राहेरीच्या पुलाखाली खडकपूर्णा काळीशार दिसत होती. आत्यानं चुलीवर भाकरी टाकल्या होत्या, सोबत तरोट्याची भाजी, बेसन आणि मिरचीचा ठेचा. पोरांचे कपडे चुलीच्या वर दोरीवर टांगले, घरभर धुराचा आणि ओल्या सुताचा वास. बाबा आणि आत्या, दोघं सत्तरी गाठलेली भावंडं, मध्यरात्रीपर्यंत भांडत होती की त्यांच्या लहानपणी घरी बैलांची एक जोडी होती की दोन.

रविवार

सकाळी आत्यानं जाऊ देईना. तरी पोहे झाले, मग "जेवूनच जा" सुरू झालं, शेवटी भाकरी बांधून घ्यायच्या बोलीवर सुटका झाली. आत्यालाही गाडीत घेतलं, लोणारपर्यंत. ती इतक्या जवळ राहून कित्येक वर्षांत तिकडं गेली नव्हती. सुलतानपूरहून फाटा.

लोणारला आम्ही वरूनच पाहिलं. उतरायची वाट घसरडी होती आणि दोन म्हाताऱ्या बायांचे चार गुडघे सोबत होते. कड्यावर उभं राहिलं की पायाखाली जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खड्डा, भोवती हिरवं जंगल, तळाशी पाणी. पाण्यावर ढग उतरले होते, मध्येच फाटायचे आणि तळं दिसायचं, परत मिटायचे. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात हे विवर झालं, तळ्याचं पाणी खारं आणि क्षारयुक्त, 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो गेले, आणि त्याच वर्षी ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. पोरगीला यातली उल्का आवडली. लहान्याला गुलाबी रंग. आज ते ना गुलाबी होतं ना निळं, पावसात भिजलेल्या शेवाळाच्या रंगाचं होतं.

बाबा म्हणाले, "खारं? हे तं आपलंच पाणी."

पण धारेवर गेलो तर तिथं कड्यातून पडणारं गोडं पाणी, गोमुखातून, बायका-पोरं त्याखाली न्हात होती. कड्यावर गोड, तळाशी खारं. बाबांनी ओंजळ भरून प्यायलं, तोंड पुसलं आणि दुसरी ओंजळ भरली. तिथल्याच एका बाईनं सांगितलं की खाली कमळजा देवीपाशी सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाला गोड, एका अंगाला खारी, तळ्याचं पाणी चढलं की बुडते. "सासू कोणती?" चुलतभावानं विचारलं. आत्या त्याच्याकडं नुसती बघत राहिली, मग त्यानं गाडी पुसायला घेतली.

दैत्यसूदनाच्या देवळात पाऊस लागत नव्हता म्हणून आणि देऊळ देखणं आहे म्हणूनही आम्ही बराच वेळ होतो. बाहेरच्या भिंतींवर एकही वीत मोकळी सोडलेली नाही. मी त्याविषयी इथं लिहीत बसलो तर वेगळंच पुराण होईल. भाकरी मंडपाबाहेरच्या ओट्यावर खाल्ल्या, एक कुत्रं अगदी शिष्टाचारानं दूर बसून होतं, त्याला शेवटचा तुकडा मिळाला. आत्याला तिच्या गावच्या गाडीत बसवून दिलं. भावानं तिच्या हातात नोट कोंबली, बहिणीनं ती परत त्याच्या खिशात कोंबली, गाडी सुटेपर्यंत हे चाललं.

मेहकरला शारंगधर बालाजी. मूर्ती 1888 साली जमिनीत सापडली, माणसाच्या दुप्पट उंचीची, काळ्या पाषाणाची, आणि दिव्याच्या उजेडात तिचे डोळे आपल्यावरच असल्यासारखे वाटतात. आईनं इथं देऊळगावराजाच्या बालाजीचाही हिशोब चुकता केला, दोन नारळ फोडून. तिथून जानेफळमार्गे खामगावचा रस्ता, म्हणजे पालखीचाच. जानेफळच्या पुढं पाऊस एवढा वाढला की वायपर पाणी सारतो की ओततो ते कळेना, दोनदा थांबावं लागलं. खामगावला कोणी खाली उतरलं नाही. शेगावला कचोऱ्या बांधून घेतल्या, पाव्हणे-शेजाऱ्यांसाठी, त्यातल्या अर्ध्या खिरोड्याच्या पुलापर्यंत संपल्या.

घरी पोचलो तर लाइन गेलेली. आणि शेजारच्या वहिनींनी दारातूनच बातमी दिली: नळ येऊन गेला. आठवड्यातनं एकदा येणारा नळ नेमका शनिवारी सकाळी आला होता, आणि आम्ही नव्हतो. त्यांनी आमच्यासाठी दोन गुंड भरून ठेवले होते, तेवढंच. बाबांनी कंदील न लावताच माळ्यावरचं प्लास्टिकचं पिंप खाली काढलं आणि पन्हाळीखाली सरकवलं. आईनं ओटा चढता चढता हुकूम सोडला: प्यायला हे दोन गुंड, हातपाय धुवायला बोअरचं, अन् पोरांच्या आंघोळी पिंप भरल्यावर. चिखलाच्या कपड्यांचं गाठोडं बायकोनं न सोडताच न्हाणीत टाकलं.